तिसरा हात

तळघरात हीटर घरघरतोय. बाहेर हॅनकॉकवर
परवापासून बर्फ पडतंय, दारापुढच्या पायऱ्या चारच उरल्यात.
टेबलावर मी फळी आडवी ठेवलीय,
मेपलची, एकोणीसशे सहासष्टची,
पिनबॉलच्या मशीनच्या पोटातून काढलेली,
आणि मेणाच्या डब्याचं झाकण नाण्याने उचकटतेय.

पहिला हात सोमवारी दिला. दुसरा काल.
मेण जेवढं कमी तेवढं बरं, हे मी शिकले
जास्त लावून.
आधी वाटायचं, जपायचं तर थापायचं.
थापलेलं मेण खिळ्यांपाशी गोळा होतं, रबरांच्या कडांना साचतं,
पिवळं पडतं, धूळ धरतं.
माणसांच्या बाबतीतही मी हेच करून बसलेय.

ही स्केटिंग करणारी पोरगी. लाल झगा,
एक पाय हवेत, गोठलेलं तळं, मागे पाइनची चार झाडं.
बाबांच्या बारमध्ये ती आली तेव्हा मी नऊ वर्षांची,
बिअरच्या खोक्यावर उभी राहून खेळायचे.
वाइनोला खोकं लागायचं नाही.
तो डाव्या फ्लिपरचा. कायम डावा.
खाणीतली माणसं ग्लास धरून त्याच्या मागे उभी राहायची,
खाण बंद पडल्यावरही तीच माणसं, तेच ग्लास,
आणि चेंडू सुटायचा तो थेट पोरीच्या गुडघ्यावरून
वरच्या खळग्यात,
पुन्हा खाली,
पुन्हा गुडघ्यावरून.

अकरा वर्षांत गुडघा गेला.
मग पोटरी. मग बर्फ.
रंगाखालचं लाकूड उघडं पडलं, बोटभर रुंद, काळपट,
एक पायवाट,
जिच्यावरून फक्त माझा भाऊ गेला होता.

ती मी या उन्हाळ्यात बुजवली.
कातडीचा रंग तीनदा चुकला:
एकदा गाजर, एकदा मेणबत्ती, एकदा नुसताच आजारी.
चौथ्यांदा जमला. वर वार्निश, घासणं, पुन्हा वार्निश.
आता शोधूनही सापडत नाही तो कुठून जायचा.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
दुरुस्त करणं आणि पुरावा पुसणं
यांच्यात किती थरांचं अंतर असतं?

शेजारचा ऑर्विल म्हणाला, वर प्लॅस्टिकची फिल्म चिकटव, सुटलीस.
पण फिल्म काढायची वेळ येते तेव्हा
ती रंगाला सोबत घेऊनच निघते.
मेण कशालाच धरून राहत नाही.
ब्राझीलमधल्या कुठल्याशा ताडाने
उन्हात पान सुकू नये म्हणून अंगावर आणलेलं हे,
आता इथे, उणे अठरात,
एका रंगवलेल्या गुडघ्यावर.
झिजायचं काम त्याचं. चेंडू त्याला खाईल.
शे-दीडशे डाव झाले की मी पुन्हा डबा उघडेन.

चेंडूही नवा आणलाय. जुन्याला टोचे पडले होते,
आणि टोचे पडलेला चेंडू म्हणजे गोल कानस.

बाबांच्या बनियनचा तुकडा. गोल गोल, हलक्या हाताने.
मग थांबायचं.
खिडकीवर कुणी श्वास सोडावा तशी पांढुरकी साय धरते,
पोरगी धुक्यात जाते, झाडं जातात.
मग कोरडं कापड, आणि एकेक परत:
झगा, केस, हवेतला पाय.

काल वाइनोचा फोन आला डेट्रॉइटहून. चौदा वर्षांनी.
शनिवारी येतो म्हणाला, रस्ता मोकळा असला तर.
बाबांविषयी नाही, बार विकल्याविषयी नाही,
एवढंच विचारलं, "चेंडू अजून हळूच पळतो का?"
मी म्हटलं, "नाही."
तिकडून बराच वेळ नुसती खरखर.
"मग हरणार मी," म्हणाला.

तिसरा हात पुसून झाला.
चेंडू तळ्याच्या मधोमध ठेवला आणि बोट काढलं.
टेबल सपाट आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.
तो क्षणभर थांबला,
मग आवाज न करता
डावीकडे निघाला.